पितळी टोपीखालचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. नाव ऐकून तोंड वाकडे करू नका. तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, हे मला ठाऊक आहे. मोटारीच्या चाकात हवा भरायची नळी तुम्ही पाहिली असेल, तिच्यावरची छोटी टोपीही पाहिली असेल. त्या नळीच्या आतल्या टोकाला, टायरच्या पोटात, काळोखात मी नऊ वर्षे बसून होतो. माझा आकार काड्यापेटीएवढा आणि काम एकच. टायरमध्ये हवा किती आहे ते मोजायचे आणि गाडीला कळवायचे. हवा कमी झाली की चालवणाऱ्यासमोर एक पिवळा दिवा लागतो ना, तो लावणारा मी. आता मी चौलजवळच्या एका घरात, ओटीवरच्या कोनाड्यात निवांत पडून असतो. पण हा निवांतपणा मिळण्याआधी मी दोन भल्या माणसांच्या जिवाला किती घोर लावला, ते तुम्हाला सांगायलाच हवे.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे दिवसाला आमच्यासारखे हजारो जन्माला येतात, त्यामुळे बारसे कोण करणार? प्रत्येकाला एक लांबलचक आकडा मिळतो, तेच त्याचे नाव. माझ्या पोटात एक बॅटरी ठेवली आणि वरून काळा रस ओतून मला कायमचे बंद केले. ही बॅटरी बदलता येत नाही. म्हणजे माझे आयुष्य पहिल्याच दिवशी मोजून दिलेले होते. ते पुरवून वापरावे म्हणून आम्हाला एक सवय लावतात. चाक फिरते तोवर बोलायचे, चाक थांबले की गप्प झोपायचे. ही सवय काही माणसांनाही लावायला हवी होती, पण जाऊ द्या.

आम्ही चौघे भाऊ एका करड्या गाडीच्या चार चाकांत बसलो. माझ्या वाट्याला डावे मागचे चाक आले. गाडी घेतली ती भाऊंनी. भाऊ तहसील कचेरीत होते, नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची बायको सुचिताबाई गावच्या शाळेत शिक्षिका. घरामागे समुद्रापर्यंत सुपारीची वाडी. एकुलता एक मुलगा अजेय नोकरीसाठी मुंबईला. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून अजेयही वडिलांना भाऊच म्हणायचा.

काय ते दिवस होते! दर चतुर्थीला आमची स्वारी पालीला निघे. एकदा रोह्याच्या वाटेवर माझ्या चाकात खिळा घुसला. हवा सुटू लागली तशी मी जिवाच्या आकांताने ओरडलो आणि पिवळा दिवा लागला. भाऊंनी गाडी लगेच बाजूला घेतली. पुढे दरीच्या कडेचे वळण होते. चाक बदलून झाल्यावर भाऊंनी उतरवलेल्या टायरवर दोनदा थोपटले आणि म्हणाले, "शाब्बास रे बाबा! वाचवलंस!" मित्रांनो, खरे सांगतो, कौतुक कोणाला आवडत नाही? त्या दोन थापा मला अजून आठवतात.

त्या दिवसापासून भाऊंचा आमच्यावर जीव जडला. आमच्या नळ्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या होत्या. हवा भरायला गेले की एखादी हरवायचीच. भाऊंनी पेणच्या बाजारातून चार पितळी टोप्या आणल्या आणि स्वतःच्या हाताने बसवल्या. मग दर दसऱ्याला त्यांचा एक सोहळाच होऊ लागला. सकाळी अंघोळ झाली की भाऊ पाटावर बसायचे, चारही टोप्या काढायचे, चिंच आणि राखेने घासून लखलखीत करायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. मग हळद-कुंकू, झेंडूचे तोरण. गावातल्या कुठल्याच गाडीचे असे लाड होत नव्हते. मी फुशारून जायचो. त्या लाडात माझे नुकसान आहे, हे मला तेव्हा कळले नाही. भाऊंनाही नाही.

मग माझ्या सहाव्या-सातव्या वर्षी भाऊंच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. कळायला उशीर झाला होता. उजेड आणि सावली, एवढेच त्यांना उरले. गाडी अंगणात उभी राहिली. चाक फिरेना, म्हणून मीही झोपून गेलो. भाऊ घराबाहेर पडायचे बंद झाले. कोणाचा हात धरून बाजारात जायला त्यांचे मन घेईना. दिवसभर ओटीवर बसायचे आणि कोणी विचारले तर म्हणायचे, "बरं चाललंय." ते बरे चाललेले नव्हते, हे सुचिताबाईंना दिसत होते.

एके दिवशी त्या बाई गाडीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वय एकसष्ट. "अहो, उठा," त्या ओटीवरच्या भाऊंना म्हणाल्या. "मी गाडी शिकायच्या क्लासात नाव घातलंय."

सुरुवातीला त्या पार नागावपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच जायच्या. मागचे हॉर्न वाजवून थकायचे. पण बाईंनी चिकाटी सोडली नाही. दोन महिन्यांत लायसन्स आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी भाऊंना शेजारी बसवले. तेव्हा एक नवल घडले. डोळे मिटून बसलेले भाऊ बोलू लागले, "आता डावीकडे वळण येईल. मग मोरीवरचा उंचवटा. हळू घे. हां, आता शाळा आली, मुलं असतील." सगळे बरोबर! चाळीस वर्षांचा रस्ता त्यांच्या अंगात मुरला होता. त्या सीटवर बसले की भाऊ आंधळे राहत नसत. बाईंना हे उमगले आणि त्यानंतर एकही आठवडा गाडी घरी राहिली नाही.

आणि नेमकी तेव्हाच माझी बॅटरी थकू लागली.

आधी थंडीच्या सकाळी माझा आवाज फुटेनासा झाला, मग पुष्कळदा फुटेना. गाडीला माझी हाक ऐकू आली नाही की ती दिवा लावते. फक्त त्याची एक खूण असते. हवा कमी असली तर दिवा सरळ पेटून राहतो. आमच्यापैकीच कोणी आजारी असला तर तो आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मगच पेटून राहतो. हा फरक कोणाला ठाऊक? बाई गाडी हवा भरायला न्यायच्या. तिथला माणूस चारही चाकांत हवा मारून द्यायचा. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. चाके दगडासारखी टणक झाली आणि बाई रडकुंडीला आल्या. मी आत बसून तळमळत होतो. हवेची तक्रार नाही हो, मीच म्हातारा झालोय, हे मी कोणाला आणि कसे सांगणार?

गणपतीत अजेय घरी आला आणि त्याने तो दिवा पाहिला.

"आई, हा किती दिवस पेटतोय?"

"असतो तो असाच."

"असाच? उद्या टायर फुटला तर? भाऊंना दिसत नाही, तू एकटी भर रस्त्यात काय करणार? गाडी जुनी झालीय, आई. विकून टाकू. जायचं असेल तेव्हा मी तिकडून टॅक्सी बुक करून देईन."

"टॅक्सीवाला ह्यांना विचारेल का, वळण कुठं येतं म्हणून?" बाई म्हणाल्या.

अजेयला तिचे म्हणणे नीट कळले नाही, पण आईचा चेहरा त्याला कळला. तो वाईट मुलगा नव्हता, घाबरलेला होता. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. दसऱ्याला मी लाँचने मांडव्याला उतरतो. तू मला न्यायला ये. दिवा बंद असला तर मी परत हा विषय काढणार नाही. चालू असला तर गाडी द्यायची. कबूल?"

"कबूल," भाऊ मध्येच बोलले.

त्या महिन्यात बाईंनी काय काय नाही केले! तीनदा हवा भरली, एकदा मागचा टायरच बदलला. टायर बदलणाऱ्याने मला पाहिले, फडक्याने पुसले आणि पुन्हा जागेवर बसवले. दिवा काही जाईना. दसरा दोन दिवसांवर आला, तेव्हा बाईंनी एक गोष्ट केली. पालीहून आणलेले बल्लाळेश्वराचे छोटे स्टिकर त्यांच्या पर्समध्ये होते. ते त्यांनी नेमके त्या पिवळ्या दिव्यावर चिकटवले. "देवा, सांभाळून घे रे," असे पुटपुटल्या. शाळेत तीस वर्षे मुलांच्या कॉप्या पकडलेल्या बाई त्या! त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. पण भाऊंची सीट जाईल, ह्या भीतीपुढे लाज टिकली नाही.

दसरा उजाडला. भाऊ नेहमीसारखे पाटावर बसले. चाचपडत त्यांनी तीन टोप्या काढल्या. माझी मात्र, हवा भरणाऱ्याने शेवटच्या वेळी करकचून आवळलेली, जागची हलेना. "आज ही ऐकत नाही गं," असे म्हणून त्यांनी पकड मागवली आणि टोपी जोर लावून पिळली. टोपी तशीच राहिली, पण माझ्या नळीला बारीक चीर गेली. भाऊंनी तिथल्या तिथेच टोपी घासली, कुंकू लावले आणि समाधानाने हात झटकले. हवा हळूहळू सुटू लागली.

नऊ वाजता आम्ही निघालो. नागाव मागे पडले तोवर माझ्याभोवतीची हवा बरीच उतरली होती. मऊ पडलेले चाक तापू लागले आणि त्या उबेने माझ्या बॅटरीत कशी कोण जाणे, थोडी धुगधुगी आली. कित्येक आठवड्यांनी माझा आवाज फुटला. मी ओरडलो. दिवा लागला, सरळ लागला, न लुकलुकता लागला. पण त्याच्यावर बल्लाळेश्वर बसले होते. कोणाला काही दिसले नाही. मित्रांनो, नऊ वर्षांत मला इतके एकटे कधीच वाटले नव्हते.

अलिबाग ओलांडले आणि भाऊ एकाएकी ताठ बसले. "सुचिता, थांब."

"आता काय? लाँच साडेअकराला लागते."

"डावं मागचं चाक जड चाललंय. आवाज वेगळा येतोय. थांब म्हणतो ना."

बाईंनी गाडी बाजूला घेतली. मग त्यांनी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दिवा पिवळाजर्द पेटलेला होता. मग हळू आवाजात त्यांनी भाऊंना सगळे सांगून टाकले. भाऊ रागावतील असे मला वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "आधी चाक बघू."

शंभर पावलांवर टायरचे एक दुकान होते. दुकान केसरचे. ती मूळची म्हसळ्याची, तिशीतली, बापाच्या मागे दुकान तीच सांभाळत होती. हवेच्या यंत्राला तिने नुकताच हार घातला होता आणि सगळी हत्यारे पाटावर मांडून त्यांची पूजा केली होती.

"काकू, आज हत्यारं पुजलीत," ती म्हणाली. "आज त्यांना हात लावत न्हाय आमी. उद्या या. न्हायतर स्टेपनी लावा नि जा."

"स्टेपनी लावली तर दिवा जाईल?"

"न्हाय जायाचा. स्टेपनीत सेन्सर नसतो."

बाईंचा चेहरा पडला. केसरला ते बघवले नाही. तिने हत्याराला हात न लावता, नुसते साबणाचे पाणी बोटांनी माझ्या नळीवर शिंपडले. नळीच्या बुडाशी बुडबुडे आले. टोपीखाली पांढरी भुकटी साचलेली तिला दिसली.

"दिवा कसा लागायचा, काकू? लुकलुकायचा का?"

"हो, मिनिटभर. मग पेटून राहायचा. आज मात्र..." बाई थांबल्या. "आज मी झाकला होता. उघडला तेव्हा सरळ पेटलेला होता."

"मग हे दोन आजार हायत," केसर म्हणाली. "लुकलुकायचा तो आतला सेन्सर थकलाय म्हणून. आज पेटला तो हवा गेली म्हणून. तुमी नुसती हवाच भरत बसलात व्हय?"

वर्षभरात माझे दुखणे ओळखणारे हे पहिलेच माणूस. मी सुखावलो. केसरने चाकाला हात लावून पाहिला आणि तिचा सूर बदलला.

"चाक गरम हाय. आता विचारलं तर बोलंल एखादवेळ. थंड झालं की न्हाय बोलायचा. त्याचा नंबर मिळाला तर नव्या सेन्सरला तोच नंबर देता येतो, गाडीला वाटतं जुनाच हाय. न्हाय मिळाला तर गाडी पनवेलला न्यावी लागंल, तिथं चार दिवस."

ती पाटाकडे वळली. हात जोडले. मग हळद-कुंकू लावलेले एक छोटे यंत्र तिने उचलून पदराने पुसले. "माफ कर गं आई," ती पुटपुटली. "म्हातारीचं काम हाय."

"म्हातारी कोणाला म्हणतेस?" बाई म्हणाल्या, आणि त्या सकाळी भाऊ पहिल्यांदा हसले.

केसरने यंत्र आधी बाकीच्या तीन चाकांजवळ धरले. माझ्या तिन्ही भावांनी पटापट नावे सांगितली. मग ती माझ्याजवळ आली. यंत्राने विचारले, तू कोण? मी जोर केला. शब्द निघाला नाही. केसरने पुन्हा विचारले. पुन्हा काही नाही. चाक थंड होत चालले होते. भाऊ खाली बसले, अंदाजाने हात पुढे केला आणि टायरवर दोनदा थोपटले. "बोल रे बाबा," ते म्हणाले.

बॅटरीत जेवढे शिल्लक होते तेवढे सगळे मी एका दमात काढले आणि माझे नाव सांगितले. अख्खा आकडा, एकही अंक न गाळता. यंत्र पिपाणीसारखे वाजले. "बोलला!" केसर ओरडली. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा शब्द.

मग तिने टायर सोडवला. टोपीला तेल घातले, हलकेच पिळली, तर नळीच तुटून हातात आली. भाऊंनी आवाज ऐकला. "काय मोडलं?"

केसरने खरे तेच सांगितले. "काका, ही नळी ॲल्युमिनियमची. वर पितळ, त्यात आपला खारा वारा. दोन धातू असे जवळ ऱ्हायले की नळी खाल्ली जाते. चिंचेनं आणखीच. याला प्लॅस्टिकचीच टोपी लागते."

भाऊंनी तुटलेली नळी हातात घेऊन चाचपली. "मला वाटलं, मी जपतोय," ते म्हणाले.

सुचिताबाई त्यांच्याजवळ बसल्या. "अडतीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या एका समईला कधी चिंच लावली नाहीत. आणि चाकाच्या टोप्यांना दरवर्षी!" मग त्यांनी भाऊंचा हात हातात घेतला. "मीसुद्धा दिवा झाकलाच ना. मलाही वाटलं, गाडी जपतेय."

खरे तर त्या दोघांवर रागवायचा हक्क माझा होता. पण इतक्या मायेने कोणी चुकले तर रागवायचे कसे? मला रागावता आले नाही.

केसरने तिच्याकडचा नवा सेन्सर काढला, माझे नाव त्याला दिले, नव्या नळीसह तो चाकात बसवला आणि चारही चाकांना काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या लावल्या. "बाकीचे तिघंबी याच्याच वयाचे हायत," तिने बजावले. "वर्षभरात बदलून घ्या. नि दिवा लुकलुकला तर हवा भरू नका, माझ्याकडं या." मग तिने मला पुसून भाऊंच्या तळहातावर ठेवले. भाऊंनी मला बोटांनी चाचपून पाहिले.

"एवढासा जीव," ते म्हणाले आणि मला सदऱ्याच्या खिशात टाकले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी चाकाबाहेर बसून प्रवास करणार होतो.

बाईंनी अजेयला फोन केला. "उशीर होईल. चाकाचं काम निघालं होतं."

"बघ आई, मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस. आल्यावर सगळं सांगते."

मांडव्याला पोचायला आम्हाला साडेबारा झाले. अजेय धक्क्याबाहेर उन्हात उभा होता. बाईंनी त्याला काहीही न लपवता सांगितले. स्टिकर, पितळी टोपी, चीर, सगळे. भाऊंनी खिशातून मला काढून दाखवले. अजेयने गाडीत डोके घातले. बाईंनी चावी फिरवली. सगळे दिवे लागले आणि एकामागून एक विझले. पिवळाही विझला. त्याच्या जागी स्टिकरच्या डिंकाचा बारीक चट्टा तेवढा उरला होता.

अजेयने त्या चट्ट्यावर बोट फिरवले. "भाऊंना नुसत्या आवाजावरून कळलं?" त्याने विचारले.

"डावं मागचं," भाऊ म्हणाले.

अजेयने हात पुढे केला. "दे चावी. तू दमली असशील, मी चालवतो."

"मागे बस," सुचिताबाई म्हणाल्या. "पुढची सीट ह्यांची आहे."

अजेय निमूटपणे मागे बसला. परतीच्या वाटेवर भाऊ सांगत होते, आता वळण, आता चढ, आता मोरी. थोड्या वेळाने अजेयने मागे डोळे मिटून घेतले आणि तोही ओळखायला लागला. तीन वळणे सांगितली, तिन्ही चुकली. भाऊ इतके हसले की खिशात मी गदागदा हललो. गाडी विकायचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट संपली. आता मी कोनाड्यात आहे, शेजारी त्या चार पितळी टोप्या. भाऊ दर दसऱ्याला त्या घासतात, आणि बाईंच्या हुकमाने घरातल्या समयाही. तुमच्या घरी माझ्यासारखे पुष्कळ जण असतील, न दिसणारे, एकाच कामाला बांधलेले. त्यांच्यावर माया कराच, पण त्यांना काय सोसते आणि काय सोसत नाही, ते जाणकाराला विचारून करा. आणि ते काही सांगू लागले तर कृपा करून त्यांचा दिवा झाकू नका.

बल्लाळेश्वर आता डॅशबोर्डच्या मधोमध बसतात, दिव्यापासून लांब. रोज सकाळी अंगणात चावी फिरते आणि बाईंचा आवाज माझ्यापर्यंत येतो, "लागला." भाऊ वाट पाहतात. "विझला हो."

"चल तर मग," भाऊ म्हणतात.